निष्क्रिय खाते

सिरोंच्याला प्राणहितेच्या काठी आमचे वडिलोपार्जित कवेलूचे घर आहे. ‘आमचे’ म्हणजे, राहतो चुलतभाऊ. मी दिवाळीला चार दिवस हवा खायला जातो आणि परतताना हक्काने लोणचे आणतो. 2022 च्या जुलैत पूर आला, तेव्हा दादा सामान हलवत होता आणि मी नागपुरात टीव्हीपुढे हळहळत होतो.

यंदा सहज म्हणालो, “दादा, माझ्या खोलीत पंखा नाही बसवलास?”

“बसवतो की. पण ती खोली गळते, हे तरी तुला माहीत आहे का?”

बँकेत दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते; रक्कम मात्र खातेदाराचीच राहते. हा नियम मी लोकांना तोंडपाठ ऐकवतो. पण जमा काहीच करायचे नाही आणि व्याज मात्र लोणच्यासकट मागायचे, हे कोणत्या नियमात बसते?

“उन्हाळ्यात कवेलू फेरायला येतो,” म्हणालो. दादाने वहिनीकडे पाहिले, वहिनीने बरणीकडे.