मोहर्लीत कुत्रा आणायचा, तर कुठून?

मोहर्ली म्हणजे ताडोबाचं एक गजबजलेलं प्रवेशद्वार. तिथे एक काका होमस्टे चालवतात, सकाळ-संध्याकाळ जिप्सीही नेतात. त्यांची पुतणी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. काकांना घराला कुत्रा हवा आहे. पैसे मोजून जातिवंत आणावा की बेवारस पिल्लाला घर द्यावं, हा प्रश्न शहरात रोजचा झाला आहे. मोहर्लीत तो तसाच्या तसा उरत नाही, कारण इथे परसाच्या कुंपणापलीकडे वाघाचं रान सुरू होतं.

काका : नागपूरच्या एका माणसाजवळ लॅब्राडोरची पिल्लं आहेत. बयाना देऊन टाकतो म्हणतो. पाहुण्यांची लहान लेकरं असतात घरात. लॅबचा स्वभाव सगळ्याले माहीत आहे. गावातलं पिल्लू मोठं होऊन कसं निघंल, कोण सांगंल?

पुतणी : त्या पिल्लांची आई पाहिली का तुम्ही?

काका : फोटो पाहिला.

पुतणी : पिल्लांचा पाहिला असेल. आईला बघायला मागा, मग तो माणूस काय सांगतो ते ऐका. 2017 साली केंद्राने नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, एका कुत्रीकडून आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्लं घ्यायची नाहीत. पिंजऱ्यातली कुत्री किती वेळा व्याली हे गिऱ्हाईक विचारतच नाही, मग नियम पाळतो कोण? आणि लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात काम करणारे. दुहेरी केसांचं ते जनावर आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात कसं जगेल? पारा पंचेचाळीसच्या वर जातो इथे.

काका : कूलर आहे ना घरात. आणि मले सांग, पिल्लू तर जन्मलं आहे. त्याचा काय गुन्हा? रस्त्यावरच्याले घर पाहिजे, तसं त्यालेही पाहिजे.

पुतणी : त्याचा काहीच गुन्हा नाही. पण तुम्ही पैसे त्याला देत नाही, पुढच्या विताला देता. 2003 मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि देशभर पगची मागणी वाढली. चपट्या नाकामुळे नीट श्वास घेता न येणारं कुत्रं, तेही आपल्या उन्हात. मागणी असली की पिल्लं जन्माला घातली जातात.

काका : बरं. मंग बेवारस आणू. नागपुरात कुत्रे वाचवणारे लोक आहेत, ते फुकट देतात.

पुतणी : तिथेही मला अडचण वाटते.

शहरात प्राणीप्रेमी माणूस ‘विकत घेऊ नका, दत्तक घ्या’ एवढं म्हणून थांबू शकतो. पुतणीला थांबता येत नाही, कारण ती जनावरांचे रोग शिकते आणि तिचं घर जंगलाच्या कडेला आहे.

पुतणी : गीरमध्ये 2018 साली वीसहून जास्त सिंह मेले, त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. सेरेंगेटीत 1994 मध्ये याच रोगाने साधारण एक तृतीयांश सिंह गेले. हा विषाणू कुत्र्यांत फिरतो. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगतच्या गावांमध्ये कुत्र्यांचं रक्त तपासलं, तर बहुतेक मोठ्या कुत्र्यांना तो कधी ना कधी होऊन गेलेला निघाला. आपल्या रानात कोळसून आहेत, ते तर कुत्र्याचे भाऊबंदच. शहरातून उचललेलं पिल्लू लस न देता, काही दिवस वेगळं न ठेवता इथे आणलं, तर आपण एक जीव वाचवला म्हणायचं की रोग आणला म्हणायचं?

काका : आणि बिबट? तो ओसरीवरून कुत्रा उचलून नेते.

पुतणी : नेतोच. अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा सगळ्यांत मोठा निघाला, वजनाने जवळपास 39 टक्के. गावात मोकाट कुत्री जितकी जास्त, तितकं बिबट्याला गावात यायला कारण. तुम्ही ज्याला घर दिलं म्हणता, तोच बिबट्याला अंगणात बोलावतो.

काका : मंग विकत नको, फुकटचा नको. राहू काय बिनकुत्र्याचा?

पुतणी : आपल्याच गावातलं घ्या. गेटजवळच्या चहाच्या टपरीमागे कुत्री व्याली आहे. त्यातलं एक पिल्लू आणा. गावात कुत्र्यांची संख्या त्याने वाढत नाही. त्याला रेबीजची लस द्या, डिस्टेंपरची द्या, वयात आलं की नसबंदी करा, आणि त्याच्या आईचीही करू. रात्री त्याला घरात घ्या.

काका : रात्रभर कोंडून ठेवू? गावचा कुत्रा मोकळा असते, म्हणून तर तो कुत्रा आहे. मोहा वेचाले पहाटे जातो, तेव्हा तो पुढं चालते. वाघाचा वास आला की थांबते. त्याच्यामुळं माणसं वाचली आहेत. आणि सगळ्याइची नसबंदी केली, तर वीस वर्षांनी मोह्याले कोणासंग जायचं? तुझ्या हिशोबात गावचा कुत्राच संपते. मंग आमची पोट्टे विकतचाच आणतील.

पुतणी गप्प झाली. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. प्रत्येकाने दत्तकच घेतलं आणि प्रत्येकाची नसबंदी केली, तर पुढची पिढी येणार कुठून? पैदास हे मुळातच पाप, असं धरलं तर मुधोळ हाउंड टिकला नसता. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची निगा राखली म्हणून तो आज आहे. शिकाऱ्यांनी लपवलेली कातडी-हाडं हुंगून काढणारी वनखात्याची कुत्रीही निवडून वाढवलेल्या वाणांचीच असतात. मोह्याच्या वाटेवर पुढे चालणारा गावठी कुत्रा हाही या मातीने हजारो वर्षांत घडवलेला वाण आहे. तो कोणाच्या वंशावळीच्या कागदावर नाही, म्हणून तो संपला तरी चालेल, असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही.

पुतणी : तुमचं बरोबर आहे. सगळ्यांची नको. गावाने बसून ठरवायचं. एखादी निरोगी, शांत, कामाची कुत्री ठेवायची, आणि आधी घरं ठरवायची, मग पिल्लं होऊ द्यायची. जितकी घरं तितकीच पिल्लं. तीही पैदासच, पण तिच्यात प्रत्येक पिल्लाला आधीपासून कोणीतरी धनी असतो.

काका : आणि मोकळं सोडणं?

पुतणी : दिवसा तुमच्यासोबत. एकटं, कळपाने, रानात नाही. कुत्र्यांच्या टोळीने चितळाचं पाडस पाडलेलं तुम्ही पाहिलं नाही का?

काका : पाहिलं आहे.

एवढंच म्हणाले. वाघ दाखवून ज्याचं घर चालतं, त्याला हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

माझा कौल पुतणीकडे आहे, पण काकांच्या दुरुस्तीसह. विकत घेऊ नये, कारण त्या पैशावर पुढची कुत्री पिंजऱ्यात व्यायला लावली जाते. दत्तक घ्यावं, पण फाटकातून पिल्लू आत आलं म्हणजे दत्तक झालं असं मानू नये. लस, नसबंदी आणि रात्रीचं बंद दार यांच्याशिवाय त्या दयेची किंमत दुसरं कोणीतरी भरतं, कधी कोळसून, कधी पाडस, कधी शेजाऱ्याचं लेकरू. आणि कुत्र्याचा वंश पुढे न्यायचा असेल, तर तो घरं मोजून न्यावा.

नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांना एक विनंती आहे. सांभाळणं जमत नाही म्हणून घरचा कुत्रा जंगलाकडच्या गावात नेऊन सोडू नका. त्याला तिथे मोकळं रान मिळत नाही. नवं घर सापडेपर्यंत त्याला तुमच्याच घरात ठेवा.