यंत्र ऐकवते, उस्ताद ऐकतो

अल्लाहची स्तुती असो, ज्याने मानवाला वाणी दिली आणि त्याच्या हाती लेखणी दिली. दरूद व सलाम असोत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, जे या जगात शिक्षक म्हणून आले.

आदरणीय वाचकहो, हिरा गुहेत जो पहिला संदेश अवतरला, तो सुरह अल-अलकच्या पहिल्या पाच आयतींत आहे. त्याची सुरुवात वाचनाच्या आदेशाने होते आणि चौथ्या आयतीत लेखणीचा उल्लेख येतो. ज्यांच्यावर हा संदेश उतरला, ते स्वतः उम्मी होते; त्यांनी कोणाच्या पाठशाळेत बसून अक्षरे गिरविली नव्हती. तरीही ज्ञानदानाचे साधन म्हणून अल्लाहने लेखणीचे नाव घेतले आणि पुढे एका सुरहला 'अल-कलम' हेच नाव मिळाले. यातून दोन गोष्टी एकाच वेळी उमगतात. साधन ही अल्लाहची देणगी आहे, म्हणून तिचा तिरस्कार करता येत नाही. परंतु शिकविणारा अल्लाह आहे, लेखणी नव्हे; म्हणून साधनालाच ज्ञान समजता येत नाही.

आज हाच प्रश्न आपल्या मुलांच्या शाळेच्या दारात उभा आहे. वर्गात डिजिटल फळा आला आहे, अभ्यास मोबाइलवर येऊ लागला आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता निबंध लिहून देऊ लागली आहे. आपल्या मोहल्ल्यांत यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, हे सारे फितन्याचे दार आहे, ते बंदच ठेवा. दुसरे म्हणते, मुलाच्या हाती यंत्र दिले की आपले काम संपले. दीनची शिकवण या दोहोंपेक्षा वेगळी आहे.

प्रेषितांची (स.) अध्यापनपद्धती पाहा. बुखारीच्या संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचे कथन आहे. प्रेषितांनी (स.) एक चौकोन रेखाटला. त्याच्या मध्यातून एक रेषा काढली, जी चौकोनाबाहेर गेली होती, आणि त्या रेषेच्या बाजूंना छोट्या छोट्या रेषा काढल्या. मग समजाविले की मधली रेषा म्हणजे माणूस, चौकोन म्हणजे त्याला वेढून असलेला मृत्यू, बाहेर गेलेला भाग म्हणजे त्याची आशा आणि छोट्या रेषा म्हणजे त्याच्यावर येणारी संकटे. आजचा शिक्षक फळ्यावर आकृती काढून जे करतो, तेच हे. दुसऱ्या एका प्रसंगी त्यांनी सहाबांना कोडे घातले: असे कोणते झाड आहे, ज्याची पाने गळत नाहीत आणि जे मोमिनासारखे आहे? उत्तर खजुरीचे झाड हे होते. बालवयाच्या अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना ते सुचले होते; पण थोरामोठ्यांसमोर संकोचून ते गप्प राहिले. नंतर वडिलांना सांगितले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना वाटले की मुलाने तेथेच उत्तर दिले असते तर किती बरे झाले असते. मुलाने मोठ्यांसमोर बोलावे, अशी ही एका बापाची इच्छा होती.

प्रसंगानुरूप नवे कौशल्य शिकण्यातही विलंब झाला नाही. यहुदी लोकांशी पत्रव्यवहार करण्याची गरज पडली, तेव्हा हजरत ज़ैद बिन साबित (रजि.) यांनी त्यांची लिपी अवघ्या पंधरवड्याच्या आत आत्मसात केली. बदरच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे सुटकेसाठी द्रव्य नव्हते, त्यांनी अन्सारच्या मुलांना लिहायला शिकवावे, हीच त्यांची खंडणी ठरली. जे कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते, त्यांच्याकडून अक्षरे शिकण्यास मदीनेतील मुलांना मनाई नव्हती. मग यंत्र कोणी बनविले आणि ते कोठून आले, या कारणाने ते नाकारण्याला कोणता आधार उरतो?

आपला इतिहासही दोन्ही धडे देतो. आठव्या शतकात कागद समरकंदमार्गे बगदादला पोहोचला आणि मुस्लिम जगाने तो दोन्ही हातांनी स्वीकारला. ग्रंथालये उभी राहिली, हदीस, वैद्यक आणि गणित दूरवर पोहोचले. याउलट छपाईच्या बाबतीत घडले. युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्यात खिळ्यांची छपाई सुरू झाली. इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतफर्रिका यांना छापखान्याची परवानगी १७२७ मध्ये मिळाली, तीही धार्मिक ग्रंथ वगळून, आणि त्यांचे पहिले पुस्तक १७२९ मध्ये निघाले. या विलंबाची कारणे अनेक होती. पण तो पिढ्यान्‌पिढ्यांना महाग पडला.

हिंदुस्थानातील आपल्या वडीलधाऱ्यांनी मात्र असा विलंब केला नाही. मौलाना कासिम नानौतवी (रह.) यांनी छापखान्यांत मुद्रिते तपासण्याचे काम केले होते. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला, तेव्हा ठरलेला अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा आणि लोकवर्गणीवर चालणारी व्यवस्था या गोष्टी तेथे आल्या. उस्तादाच्या घरी किंवा मशिदीच्या कोपऱ्यात चालणाऱ्या जुन्या शिक्षणाच्या तुलनेत ही नवी पद्धत होती. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, १८७५ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शाळा सुरू केली. मार्ग वेगळे होते, मतभेदही होते. पण काळाचे साधन नाकारून मुलांना शिकविता येईल, असे यांपैकी कोणीही मानले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. साधन स्वीकारायचे, हे ठरले. पण कोणत्या मर्यादेत? याचे उत्तर आपल्या हिफ्झच्या परंपरेत आहे. १९६१ मध्ये इजिप्तचे कारी शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण झाले. आज ते आवाज प्रत्येकाच्या खिशात आहेत. हिफ्झ करणारा मुलगा एक आयत शंभर वेळा ऐकू शकतो, मखरज आणि मद समजून घेऊ शकतो. कोणताही समंजस उस्ताद त्याला त्यापासून रोखणार नाही. परंतु केवळ ध्वनिमुद्रण ऐकून कोणी हाफिज झाल्याची सनद मिळविलेली नाही. सनद त्यालाच मिळते, जो उस्तादासमोर बसून ऐकवितो. आजचा सबक ऐकवावा लागतो, मागचा पाठ ऐकवावा लागतो, आणि उस्ताद एका ज़बर-ज़ेरच्या चुकीवरही थांबवितो. हजरत जिब्रील (अलै.) दर रमजानमध्ये प्रेषितांसोबत (स.) कुरआनची उजळणी करीत, त्यातही ऐकणे आणि ऐकविणे दोन्ही होते.

हेच सूत्र शाळेला लागू करा. यंत्र ऐकवते, उस्ताद ऐकतो. चित्रफीत हृदयाचे स्पंदन दाखवील, ग्रहांचे भ्रमण दाखवील, जे फळ्यावर दाखविणे कठीण आहे. पण मुलाला काय समजले नाही, कोणत्या शब्दावर तो अडखळला, कोणत्या प्रश्नावर त्याने मान खाली घातली, हे जाणण्यासाठी समोर जिव्हाळ्याचा माणूस लागतो. ज्या वर्गात पडदा आहे आणि ऐकणारा नाही, तो वर्ग आधुनिक झालेला नाही. तो फक्त महाग झाला आहे.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण यावर प्रकाश टाकते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी आणि पाठ मुलांना ऐकता-पाहता यावेत, ही त्यांची योजना गाजली. पण त्या कोडच्या आधी त्यांनी एक काम केले होते. शाळेतील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. म्हणून शिक्षकाने स्वतः कन्नड शिकून घेतली. तंत्रज्ञान नंतर आले, मुलींचे बोलणे समजून घेणे आधी आले. पुरस्काराची अर्धी रक्कमही त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. जेथे चांगुलपणा दिसेल तेथून तो उचलावा. मोमिनाला तो परका नसतो.

वाचकहो, येथे आपल्या घराचा हिशेबही मांडावा लागेल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा अनेक घरांत एकच मोबाइल होता. तो प्रथम कोणाच्या हाती गेला? बहुतेक ठिकाणी बापाच्या, मग मुलाच्या, आणि उरलाच तर मुलीच्या. प्रेषितांच्या (स.) काळात स्त्रियांनी तक्रार केली होती की, आपल्या सभोवती पुरुषांचीच गर्दी असते, आमच्यासाठी एक दिवस ठरवून द्या. प्रेषितांनी (स.) त्यांना थोपवून धरले नाही, त्यांच्यासाठी दिवस निश्चित केला. ज्या घरात एकच यंत्र आहे, त्या घरात मुलीची वेळ ठरवून देणे ही या सुन्नतची आठवण आहे. हराम मजकुराच्या भीतीने मुलीच्या हातून अभ्यासाचे साधन काढून घ्यायचे आणि मुलाच्या हाती रात्रभर राहू द्यायचे, हा तक्वा नव्हे. नजर खाली ठेवण्याचा आदेश सुरह अन-नूरमध्ये पुरुषांना आधी दिलेला आहे.

दुसरा हिशेब प्रामाणिकपणाचा आहे. चॅटजीपीटीकडून गृहपाठ लिहून घेऊन त्याखाली स्वतःचे नाव घालणे, याला आपण मुलाची हुशारी म्हणू नये. ते खोटे बोलणे आहे आणि शिक्षकाची फसवणूक आहे. न समजलेले गणित यंत्राकडून समजून घेणे आणि मग स्वतः सोडविणे, ही मात्र शिकण्याची रीत आहे. यंत्र चुकीचेही सांगते, आणि ठामपणे सांगते. सुरह अल-हुजुरातची सहावी आयत आलेल्या बातमीची शहानिशा करण्यास सांगते, आणि सुरह बनी इस्राईलची छत्तिसावी आयत बजावते की, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि हृदय यांचा जाब विचारला जाईल. पडद्यावर दिसले म्हणून ते खरे, असे मुलाला वाटू लागले, तर आपण त्याला शिकविले नाही, केवळ भारावून टाकले.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात. दीक्षा ॲपवर ते उघडतात आणि पाठाशी संबंधित साहित्य विनामूल्य मिळते. आपल्यापैकी किती पालकांनी ते एकदा तरी मुलासोबत उघडून पाहिले? मशिदीच्या कमिटीने एका खोलीत दोन संगणक आणि पुस्तकांचे एक कपाट ठेवावे, जबाबदार व्यक्ती नेमावी, मुलींसाठी स्वतंत्र वेळ ठेवावी. रंगरंगोटीसाठी जी वर्गणी गोळा होते, तिचा एक भाग यासाठी निघू शकतो. मदरशांनी गणित, विज्ञान आणि मराठी यांना परके मानू नये. ज्या समाजात दीन पोहोचवायचा, त्याची भाषा चांगली येणे हीही दावतची गरज आहे. शाळेतील शिक्षक बंधू-भगिनींनी चित्रफीत दहा मिनिटे दाखविली, तर पुढची वीस मिनिटे मुलांना बोलते करावे.

आणि प्रत्येक घराने एक काम आजच सुरू करावे. मगरिबच्या नमाजनंतर यंत्र बाजूला ठेवून मुलाला म्हणावे, "आज काय शिकलास, मला समजावून सांग." आई शाळेत गेलेली नसली, तरी तिला ऐकता येते. बापाला गणित येत नसले, तरी मुलगा कोठे अडखळतो हे त्याला कळते. प्रेषितांनी (स.) प्रत्येकाला त्याच्या कळपाचा राखणदार म्हटले आहे आणि कयामतच्या दिवशी त्या कळपाबद्दल विचारणा होणार आहे. तेव्हा आपण मुलाला कोणता मोबाइल घेऊन दिला, हे कामी येणार नाही. त्याचे कोण ऐकत होते, याचेच उत्तर द्यावे लागेल.

हे अल्लाह, आमच्या मुलामुलींच्या ज्ञानात वाढ कर. जे ज्ञान लाभ देत नाही, त्यापासून तुझ्या प्रेषितांनी (स.) तुझा आश्रय मागितला होता, आम्हीही तोच मागतो. आमच्या हातातील साधनांना सत्याच्या सेवेत लाव, आणि आम्हांला आमच्या लेकरांचे ऐकून घेण्याचे धैर्य व सवड दे. आमीन.