तारणाची हमी आणि गोष्टीची गंमत

अमेरिकेत ‘ख्रिश्चन फिक्शन’ हा पुस्तक-व्यवसायातला एक स्वतंत्र विभाग आहे. त्याचे प्रकाशक वेगळे, दुकाने वेगळी, वाचकवर्ग मुख्यतः इव्हँजेलिकल मंडळ्यांमधल्या स्त्रियांचा, आणि २०००पासून दिले जाणारे ‘क्रिस्टी’ पुरस्कारही वेगळे. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९मध्ये बेथनी हाउसने काढली, तेव्हापासून या बाजाराचा हिशेब सहसा मांडला जातो. पश्चिमेकडे निघालेली, वाटेत नवरा गमावलेली एक तरुण बाई आणि लहान मुलीचा एक विधुर बाप केवळ सोय म्हणून लग्न करतात, आणि हळूहळू तिचा जीव त्याच्यावर आणि त्याच्या देवावरही जडतो, अशी ती गोष्ट. १९८६मध्ये फ्रँक पेरेटीने ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’मध्ये एका लहानशा गावाच्या डोक्यावर देवदूत आणि सैतानाचे सैन्य यांची लढाई जुंपून दिली. १९९५पासून आलेल्या टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिकेच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९७मध्ये बेव्हर्ली लुइसच्या ‘द शनिंग’ने आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती समाजातल्या कथांची लाट आणली. इतका पसारा असूनही श्रद्धावान, चोखंदळ, प्रौढ वाचक या विभागात हिंडून रिकाम्या हाताने परततो. त्याला प्रवचन नको असते, श्रद्धेची टिंगलही नको असते. रात्री दिवा मालवायचे लक्षात राहू नये अशी गोष्ट हवी असते. ती तिथे इतकी दुर्मीळ का, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे.

सोपे उत्तर असे दिले जाते की ही पुस्तके फार सोवळी असतात: शिव्या नाहीत, शय्यागृहाचे दार बंद, दारू प्यायलीच तर खलपुरुषाने प्यायची. मला हे कारण पटत नाही. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही शय्यागृहाचे दार बंदच असते, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही. संयम हा कादंबरीचा शत्रू नव्हे. खरी अडचण दुसऱ्या एका अलिखित करारात आहे. या विभागातले पुस्तक उचलताना वाचकाला हमी मिळालेली असते की कोणीतरी एक भरकटलेला जीव शेवटच्या शंभर पानांत गुडघे टेकणार, आणि त्याने गुडघे टेकले की बाकीचे धागे आपोआप सुटणार. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी आपण पाने उलटतो, या माणसाचे पुढे काय होणार, तीच आधी ठरलेली. आणि यात केवळ गोष्टीचा तोटा होत नाही. ख्रिस्ती धर्मविचारात कृपा ही कमावता न येणारी देणगी आहे. ती कोणाच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही, मागितली म्हणून मिळतेच असे नाही, आणि न मागणाऱ्याला अवचित गाठते. जी कादंबरी तिला अठराव्या प्रकरणात हजर राहायला लावते, तिच्यात कृपेला चमत्कृतीही उरत नाही आणि गूढही. म्हणून माझे म्हणणे असे की ही पुस्तके ज्या कारणाने कंटाळवाणी होतात, त्याच कारणाने ती धर्मदृष्ट्याही उथळ होतात. मजा आणि श्रद्धा यांत इथे वैर नाही. दोघींचे नुकसान एकच गोष्ट करते.

या बाजाराचा स्वतःचा इतिहासच याला दुजोरा देतो. फ्रान्सीन रिव्हर्सची ‘रिडीमिंग लव्ह’ या विभागातली सर्वांत लाडकी प्रेमकथा. पण ती मुळात १९९१मध्ये बँटम या सर्वसाधारण प्रकाशनाने काढली, आणि सुधारलेली आवृत्ती घेऊन ती मल्टनोमा या ख्रिस्ती प्रकाशनाकडे १९९७मध्ये आली. होशेय संदेष्ट्याची बायबलातली कथा कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीच्या काळात, १८५०च्या सुमारास, नेऊन मांडलेली. लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली एंजल आणि तिच्याशी लग्न करणारा शेतकरी मायकेल होशेय. त्याचे प्रेम तिला झेपत नाही. ती पळते, परत येते, पुन्हा पळते. पुस्तकातला प्राण त्या पळण्यात आहे, कारण तिच्या नकाराला लेखिकेने खरी कारणे दिली आहेत. मायकेलला मात्र देवाचा आवाज इतका स्वच्छ ऐकू येतो की त्याच्या बाजूची निम्मी चुरस तिथेच संपते. ‘लेफ्ट बिहाइंड’चेही तसेच. पहिल्या भागात हवाई परिचारिकेवर डोळा ठेवून विमान हाकणारा वैमानिक रेफोर्ड स्टील घरी येतो तो बायको आणि मुलगा नाहीसे झालेले असतात. या माणसाची भीती आणि अपराधाची टोचणी वाचकाला खेचून नेते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढच्या भागांत मात्र एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने रुजवलेल्या अंतकाळाच्या तक्त्याप्रमाणे एकेक आपत्ती हजेरी लावत जाते आणि पात्रे फक्त तक्त्यावर बोट ठेवत राहतात. विल्यम पॉल यंगच्या ‘द शॅक’ला तर प्रकाशकांनी नकार दिल्यावर २००७मध्ये मित्रांनी काढलेल्या छोट्या प्रकाशनातर्फे ती बाहेर आली आणि कोट्यवधींनी वाचली. मुलीचा खून झालेल्या बापाला देवपिता एका कृष्णवर्णीय बाईच्या रूपात स्वयंपाक करताना भेटतो, हे अनेक धर्मपंडितांना पाखंड वाटले. कलाकृती म्हणून मला ती कच्ची वाटते, मधली संभाषणे लांबलचक आहेत. पण बापाची देवाविरुद्धची फिर्याद तिने हात आखडता न घेता मांडू दिली, आणि वाचक आले ते त्या फिर्यादीपाशी.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ख्रिस्ती हेतूनेच लिहिलेली आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात, वाटेत हिंदू विधवांच्या हकिकती ऐकतात, पाहतात. पुढे विधवा झालेली यमुना ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. आज ती वाचणाऱ्याला शेवट अंगावर बसवल्यासारखा वाटतो, पण त्या विधवांच्या हकिकती अजून बोचतात. पदमनजींना शेवट आधीच ठाऊक होता, विधवांचे हाल मात्र त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते. पुस्तकाला आयुष्य लाभले ते पाहिलेल्या भागामुळे. उलट बाजूचा दाखला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, हे खरे. तरी धर्मांतराची हकिकत खळखळून हसवू शकते हे मराठीत त्या पुस्तकाइतके कोणी दाखवले नसेल. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी काही वर्षे वेगळे राहून, भांडून, सोवळेओवळे एकेक करून सोडत १९००मध्ये घेतला. निवेदन त्यांचे आहे, म्हणजे ज्या व्यक्तीला हे सारे नको होते तिचे. म्हणून प्रत्येक पावलाला अडथळा आहे, आणि अडथळा आहे म्हणून विनोद आहे. टिळकांनी स्वतः तीच कथा लिहिली असती तर ती बहुधा उदात्त झाली असती, आणि आपण ती निम्म्यात मिटली असती.

यावर एक चांगला आक्षेप निघू शकतो. रहस्यकथेतही शेवटाची हमी असतेच की: खुनी सापडणार. मग तिथे कंटाळा का येत नाही? कारण रहस्यकथेतली हमी कोड्याच्या सुटण्याची असते, माणसाच्या आतल्या निर्णयाची नव्हे. पी. डी. जेम्स या अँग्लिकन लेखिकेची ‘डेथ इन होली ऑर्डर्स’ (२००१) सफोकच्या किनाऱ्यावरच्या एका धर्मशास्त्र विद्यालयात घडते. खून उलगडणार हे पहिल्या पानापासून माहीत असते, पण तिथल्या पाद्र्यांपैकी कोणाची श्रद्धा किती टिकेल हे शेवटपर्यंत माहीत नसते. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: दिवसभर दमलेल्या माणसाला शंका आणि संघर्ष नको असतात, दिलासा हवा असतो, आणि दिलासा मागण्यात पाप कसले? काही पाप नाही. जॅन कॅरनच्या मिटफर्ड कादंबऱ्या (पहिली, ‘अॅट होम इन मिटफर्ड’, १९९४) हा निखळ दिलासाच आहे. साठीच्या घरातला अविवाहित पाद्री फादर टिम, त्याच्या मागे लागलेला दांडगा कुत्रा, शेजारी राहायला आलेली चित्रकार स्त्री, गावातली जेवणे आणि कुचाळक्या. मोठा आध्यात्मिक झगडा यात नाही आणि तरी त्या वाचत राहाव्याशा वाटतात. माझ्या मांडणीला हा अपवाद वाटेल, पण तसे नाही. फादर टिम आधीपासूनच विश्वासी आहे. त्याच्या तारणाचा निकाल कॅरन गोष्टीचा कळस म्हणून विकत नाही. विश्वासी माणूस लग्नाला घाबरतो, गोड खाणे त्याला सोडवत नाही, एवढ्या साध्या अनिश्चिततेवर ती कथा चालते. हलकेफुलके असणे आणि आधी ठरलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग दुसऱ्या टोकाला काय? समीक्षक मंडळी अशा वाचकाच्या हाती शुसाकु एंडोची ‘सायलेन्स’ किंवा मेरिलिन रॉबिन्सनची ‘गिलियड’ ठेवतात आणि मोकळी होतात. ‘गिलियड’ला (२००४) पुलित्झर मिळाले, ते योग्यच झाले, पण तिला प्रकरणे नाहीत, वेग नाही, आणि १९५६ साली आयोवात मरणाच्या वाटेवर असलेला शहात्तर वर्षांचा पाळक जॉन एम्स लहान मुलासाठी पत्र लिहितो, एवढाच तिचा ढाचा. ती गाडीत बसून वाचायचे पुस्तक नव्हे. तरीही तिच्यात जो आनंद आहे तो माझ्या मुद्द्याला थेट भिडतो. एम्सच्या पाळक मित्राचा वाया गेलेला मुलगा जॅक गावी परततो आणि विचारतो की काही माणसे जन्मतःच नरकासाठी नेमलेली असतात का. दोन्ही वृद्ध पाळकांना नीट उत्तर देता येत नाही. जॅकच्या मागे एक कृष्णवर्णीय पत्नी आणि मुलगा आहे. त्यांचे लग्न त्या काळच्या मिसुरीत कायद्याला मान्य नाही. तो श्रद्धावान होत नाही, मरणाच्या दारी टेकलेल्या बापापाशी थांबतही नाही. तो निघताना एम्स त्याला आशीर्वाद देतो, इतकेच. या विभागातल्या कुठल्याही प्रकाशकाने हा शेवट अपुरा म्हणून परत पाठवला असता. पण ज्या माणसाचा एम्सला मत्सर आणि धसका वाटत आला त्याच्याच डोक्यावर हात ठेवावासा वाटणे, हा बदल जॅकमध्ये नाही, पाळकात आहे, आणि तो कोणी आधी ओळखलेला नसतो.

इथे कोणी म्हणेल की शेवट मोकळा सोडला, शंकेला जागा दिली, तर ख्रिस्ती म्हणण्यासारखे उरलेच काय. पाद्री असलेली कोणतीही उदास कादंबरी मग चालेल. ही भीती जुनी आहे. मेक्सिकोतल्या छळाच्या काळात लपतछपत फिरणाऱ्या दारुड्या पाद्र्याची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) व्हॅटिकनच्या होली ऑफिसला खटकली होती. पुढे पोप पॉल सहावे यांनी ती स्वतः वाचल्याचे सांगून ग्रॅहम ग्रीनला त्या टीकेकडे लक्ष देऊ नका असे सुचवले. पाद्री पापी दाखवला म्हणून कादंबरी अख्रिस्ती ठरली नाही, कारण दारूने गळालेल्या त्या हातांनीही पवित्र संस्कार घडू शकतो, यावरच तिची सारी मांडणी उभी आहे. हा आधार काढून घ्या, गोष्ट कोसळते. हीच कसोटी पुरेशी आहे. लेखक कोण, प्रकाशक कोण याने काही ठरत नाही. श्रद्धा वजा केल्यावर कथानक जसेच्या तसे उरत असेल तर ती सजावट होती. आणि उदासपणाची सक्तीही नाही. त्याच ग्रीनची ‘मॉन्सिन्यॉर किहोटे’ (१९८२) ही एक भाबडा पाद्री आणि गावचा कम्युनिस्ट माजी महापौर यांची जुनाट मोटारीतून स्पेनभर चाललेली सफर आहे. वाइनच्या बाटल्यांसोबत मार्क्स आणि देव यांवर वाद, आणि दोघांनाही आपापल्या निष्ठेची थोडी शंका. लीफ एंगरची ‘पीस लाइक अ रिव्हर’ (२००१) मिनेसोटातल्या दम्याने बेजार अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून येते: बापाच्या हातून चमत्कार घडतात, पण थोरला भाऊ दोन माणसांना गोळ्या घालून फरारी होतो, आणि पोराचा दमा बापाचे चमत्कार बराच काळ बरा करत नाहीत. ती पाठलागाची गोष्ट म्हणूनच वाचली जाते.

पण एकच शिफारस करायची तर मी सुसन हॉवॅचच्या स्टारब्रिज मालिकेची करीन: १९८७ ते १९९४ या काळातल्या सहा कादंबऱ्या, इंग्लंडच्या चर्चच्या एका काल्पनिक धर्मप्रांतात घडणाऱ्या. हॉवॅच त्याआधी लठ्ठ कौटुंबिक कादंबऱ्या लिहून गाजलेली होती, त्यामुळे पान उलटायला लावण्याची विद्या तिला अवगत आहे. ‘ग्लिटरिंग इमेजेस’मध्ये १९३७ साली कँटरबरीचे आर्चबिशप लँग तरुण धर्मपंडित चार्ल्स अॅशवर्थला एका बिशपच्या घरातले गुपित हुडकायला पाठवतात, हेर म्हणून गेलेला माणूस स्वतःच उघडा पडत जातो. प्रत्येक भागाला निवेदक वेगळा मिळतो (पहिल्याचा पुन्हा एकदा परततो), आणि एकाने जे आपल्याला प्रामाणिकपणे पटवून दिले त्याला दुसरा सुरुंग लावतो. पहिल्या भागाच्या अखेरीस अॅशवर्थ मोडतो, सावरतो, लग्न करतो. बाजाराच्या हिशेबात त्याची गोष्ट तिथे पुरी व्हायला हवी. हॉवॅच त्याला सहाव्या भागात, ‘अॅब्सोल्यूट ट्रूथ्स’मध्ये, पुन्हा निवेदक करते. साल १९६५, तो आता स्टारब्रिजचा बिशप, स्वतःच्या मतांबद्दल ठाम, पापावर कडक बोलणारा. आणि त्याची बायको अचानक मरते, तेव्हा अठ्ठावीस वर्षांपूर्वी बरा झालेला हा माणूस आतून किती थोडा बरा झाला होता ते बाहेर येऊ लागते.