दृष्टीआड सृष्टी

साखळी ओढली की आपला संबंध संपला, असं मानणारा माणूस सुखी असतो. पण घरची ड्रेनेज लाइन त्याला फार दिवस सुखी राहू देत नाही. नुसती मोरी तुंबली तर दोष मोरीचा. पण मोरीत बादली ओतताच संडासात बुडबुड झाली, तर दुखणं मोठ्या लाइनचं! मग चेंबरची झाकणं उघडावीत. भरलेलं चेंबर आणि त्यापुढचं कोरडं चेंबर, यांच्या मधेच बूच बसलेलं असतं. तिथे बांबूची कामटी घालावी. माणूस घालू नये. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नव्हता तेव्हाही ते पापच होतं.

लाइन मोकळी झाली. पण मोकळी कुणाकडे? साताऱ्याला उतार आहे. वरच्या पेठेने सोडलेलं खालच्या पेठेचं होतं. तिथली वेण्णा माहुलीला कृष्णेत मिळते आणि कृष्णा पुढे सांगलीला जाते. सांगलीत ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढलं. अशा महापुरात गटारं उलटी वाहतात. आपण ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणून सोडून दिलेलं मोरीतून वर येतं आणि विचारतं, ‘‘काय, ओळखलंत का?’’