नम्रता आणि लाचारी

नम्रता हें ख्रिस्ती मनुष्याचें भूषण होय, हें आपण जाणतों. परंतु नम्रता कोणती व लाचारी कोणती, याविषयीं आपल्या मंडळ्यांत पुष्कळ घोंटाळा आढळतो. सावकारापुढें मान खालीं घालणारा मनुष्य घरीं येऊन बायकोमुलांवर गरजतो. त्याची मान नम्रतेनें नव्हे, भयानें वांकलेली असते. खरी नम्रता देवाच्या भयांतून उत्पन्न होते. जो देवापुढें वांकला, त्याला माणसाचें भय उरत नाहीं आणि कोणा माणसाला तुच्छ लेखण्याचें धाडसही होत नाहीं.

पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. १८७८ सालीं कलकत्त्यांतील विद्वानांनीं त्यांचें संस्कृत ज्ञान पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु ज्या धर्मभगिनींनीं त्यांस आश्रय दिला, त्यांचेंही मत त्यांनीं विचार केल्यावांचून पत्करिलें नाहीं. ही लाचारी नव्हे. त्याच बाईंनीं पुढें केडगांवीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. तें पंडितांनीं वाहवा करावी म्हणून नव्हे, तर थोडें शिकलेल्या बायकांस समजावें म्हणून, सोप्या मराठींत. १९२२ सालीं तें काम पुरें होतांच त्या प्रभूमध्यें निद्रित झाल्या. आपली विद्या त्यांनीं नाकारिली नाहीं; ती देवाच्या चरणीं ठेवून गरिबांच्या उपयोगीं आणिली.

मी सेमिनरींतून नवाच आलों असतां एका खेड्यांत मोठा विद्वत्तापूर्ण उपदेश केला. उपासनेनंतर एक म्हातारी म्हणाली, “पाळकसाहेब, लई ग्वाड बोललात, पर देव काय म्हनतो तेवढं आमच्या बोलीत सांगा.” प्रथम मला राग आला. मग कळलें कीं, त्या दिवशीं मंडळीनें मला पाहिलें, देवाला नाहीं. मी तिच्याजवळ बसून साध्या शब्दांत सांगूं लागलों. आणि सांगतां सांगतां मलाच तो धडा अधिक समजला.

आपल्या प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, तेव्हां पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे हें तो जाणून होता. आपण कोणाचे आहों हें ज्याला ठाऊक आहे, त्यालाच रुमाल कंबरेस बांधतां येतो. म्हणून, उपदेशक बंधूंनो, मंदिर झाडण्याची पाळी आली तर लाजूं नका, आणि गांवांत अन्याय दिसला तर गप्प राहूं नका. दोहोंचें मूळ एकच आहे: देव मोठा आहे, आणि आपण त्याचे आहों.