निकाहापूर्वीचा रक्ताचा थेंब



जुमाच्या नमाजनंतर त्र्यंबकेश्वरच्या आमच्या मस्जिदीत एक वडील मागे थांबले. मुलाचा निकाह ठरलेला आणि हातात तपासणीचा कागद : ‘सिकलसेल वाहक’. “मौलानासाहेब, मुलीकडच्यांना हे सांगायलाच हवे का?”

त्या कागदाचा अर्थ पेशीत आहे. जिवाणूची पेशी केंद्रकाविना जगते. वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर भित्ती असते, आपल्या पेशीला नसते. मज्जापेशी तारेसारखी लांब, स्नायूपेशी आकुंचन पावणारी. रक्तातील तांबडी पेशी मात्र विलक्षण! अस्थिमज्जेत घडताना ती आपले केंद्रकच टाकून देते आणि ती जागा प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला देते. मग सुमारे १२० दिवस ती केवळ इतरांसाठी वाहत असते. घनमिलिमीटरभर रक्तात अशा जवळपास ५० लाख पेशी असतात. सूरह इन्फितारमध्ये मनुष्याच्या समतोल घडणीची आठवण दिली आहे, ती येथे मनात येते.

हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या एका साखळीत सहावा दुवा बदलला, की प्राणवायू कमी होताच पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्या वेदना ज्याने भोगल्या त्यालाच ठाऊक. वाहक सहसा निरोगी असतो. परंतु दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला या आजाराची शक्यता २५ टक्के.

हा आदिवासींचा आजार, आपला काय संबंध, असे काही जण म्हणतात. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल मुस्लिमच नाहीत काय? शिवाय आपल्याकडे चुलत-मामे नात्यांत निकाह होतात आणि एकाच घराण्यातील दोघे वाहक निघण्याचा संभव अधिक. शरीअतने असे निकाह जाइज ठेवले आहेत, वाजिब नव्हे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर ठेवून गिऱ्हाइकाला दिसू का दिले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. धान्याबाबत ही ताकीद असेल, तर मुलीच्या आयुष्याबाबत किती असावी!

मी त्या वडिलांना म्हटले, “सांगायलाच हवे. आणि मुलीचीही तपासणी होऊ द्या. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमच चालू आहे; यात लाजण्यासारखे काही नाही. रक्तातील हा बदल म्हणजे कुणाचा गुन्हा नव्हे, शिक्षाही नव्हे.”

ते बराच वेळ गप्प होते. मग वुजूखान्याजवळ उभे राहून त्यांनी व्याह्यांना फोन लावला. मुलीचा कागद अजून यायचा आहे.