स्थिर वेतन आणि स्वधर्म

पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला मनुष्य अंगीकृत व्यवसाय सोडून बांधलेल्या पगाराची चाकरी पत्करतो, तेव्हां त्याच्याविषयीं दोन तऱ्हेचे उद्गार निघतात. संसारी मंडळी म्हणतात, ‘उशिरां कां होईना, शहाणपण आलें’. आणि ध्येयवादी म्हणतात, ‘अखेर हाही विकला गेला.’ दोघेही त्यानें काय सोडलें एवढेंच पाहातात. तें कोणासाठीं सोडलें आणि जवळ काय राखलें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

अमेरिकन ग्रंथकार हर्मन मेलव्हिल याचें चरित्र या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. १८४६ सालीं पहिल्याच पुस्तकानें त्याला कीर्ति मिळाली. १८५१ सालीं ‘मोबी डिक’ ही कादंबरी निघाली. आज जगन्मान्य असलेला हा ग्रंथ त्याच्या हयातींत उपेक्षितच राहिला. १८५७ नंतर त्यानें कादंबरी प्रसिद्ध केली नाहीं. तीन हिंवाळे व्याख्यानें देत फिरला. त्यांतही विशेष प्राप्ति झाली नाहीं. पदरीं पत्नी आणि चार मुलें. अडीअडचणीला सासऱ्याचा पैसा. (सासरा मॅसॅच्युसेट्सचा सरन्यायाधीश होता, तरी जांवयानें हात पसरावा, यांत कोणत्याही देशांत भूषण नाहीं.) अखेर १८६६ च्या डिसेंबरांत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें न्यूयॉर्क बंदरावर जकातखात्यांत निरीक्षकाची जागा धरली. आठवड्याचे सहा दिवस काम, रोजचे चार डॉलर. ही चाकरी त्यानें एकोणीस वर्षें केली.

हें अधःपतन म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. स्वधर्म आणि उपजीविका एकच असलीं तर तें भाग्य खरें. पण तीं एकच असलीं पाहिजेत असा हट्ट धरणारा मनुष्य आपल्या व्रताची दक्षिणा बायकामुलांकडून वसूल करीत असतो. उपवास ज्याचा त्यानें करावा. घरांतल्या लहानग्यांना तो घडविण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? शिवाय पोटासाठीं लिहिणाऱ्याला गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागते. जकातीच्या पगारावर जगणाऱ्या मेलव्हिलला ती सांभाळावी लागली नाहीं. दिवसा गोदीवर माल तपासण्याचें काम करून उरल्या वेळांत त्यानें ‘क्लॅरेल’ हें सुमारें अठरा हजार ओळींचें काव्य सिद्ध केलें. तें १८७६ सालीं मामानें दिलेल्या पैशांतून छापलें गेलें, आणि खपलें नाहीं. खपावें म्हणून तें लिहिलेंच नव्हतें!

तथापि स्थिर वेतनाची स्तुति करतांना एक गोष्ट लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. नोकरी लागून वर्षही उलटलें नव्हतें. १८६७ च्या मे महिन्यांत, पत्नीनें नवऱ्यापासून वेगळें व्हावें असा खल तिच्या माहेरच्या मंडळींत चालला होता. सप्टेंबरांत अठरा वर्षांचा वडील मुलगा माल्कम आपल्या खोलींत पिस्तुलाच्या गोळीनें मेलेला आढळला. पगारानें वाण्याची उधारी फिटते. घरांत वर्षानुवर्षें सांचलेला कडवटपणा त्यानें फिटत नाहीं. पैशाच्या दृष्टीनें वेळेवर घेतलेला निर्णय माणसांच्या दृष्टीनें फार उशिरां घेतलेला असूं शकतो. आधींच घेतला असता तर? पण मग ‘मोबी डिक’ लिहिलें गेलें असतें काय? हा हिशेब मला अद्याप जुळवितां आलेला नाहीं.

१८८५ च्या अखेरीस, पत्नीकडे आलेल्या वारशामुळें हात सैल झाल्यावर, मेलव्हिलनें राजीनामा दिला आणि तो पुनः गद्याकडे वळला. १८९१ सालीं तो वारला, तेव्हां ‘बिली बड’ या कथेचें हस्तलिखित त्याच्या कागदांत अपुरें पडलें होतें. तें १९२४ सालीं छापलें गेलें.